उपकरण गेले, पॉइंटर उरला: ड्रायव्हरमधील ऑब्जेक्टच्या आयुष्याविषयी

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरची तापमानवाढ चाचणी चालू असते, तेव्हा तेलाला, टाकीला आणि भोवतालच्या हवेला लावलेल्या थर्मोकपलांची नोंद एका छोट्या यूएसबी डेटा लॉगरमधून शेजारच्या लिनक्स संगणकात जात राहते. आयईसी ६००७६-२ या मानकाप्रमाणे तेलाच्या तापमानवाढीचा वेग ताशी १ केल्विनच्या खाली येऊन ३ तास तसाच राहिला, म्हणजे तापमान स्थिरावले असे मानतात. त्यामुळे ही नोंद तासन्‌तास अखंड चालते आणि चाचणी संपेपर्यंत माणसे थकलेली असतात. मग नोंदीचा प्रोग्राम बंद न करताच कोणीतरी केबल ओढतो. ओढणाऱ्याचे त्यात काहीही चुकत नाही, कारण यूएसबीची जोडणी मुळात संगणक चालू असताना काढता यावी म्हणूनच तयार केलेली आहे. त्यानंतर जर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ प्रोग्राम, कोसळला, तर तो दोष संपूर्णपणे ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरणाशी बोलणाऱ्या कर्नलमधल्या कोडचा, असतो. असे जुने ड्रायव्हर तपासून दुरुस्त करण्याचे काम मी करतो, आणि त्यात वारंवार भेटणाऱ्या एकाच प्रश्नाविषयी येथे सविस्तर लिहायचे आहे: उपकरण निघून गेल्यावर त्याच्या नावाने मेमरीत असलेला ऑब्जेक्ट नेमका कधी जायला हवा, आणि तो जाताना दुसरे कोणी त्याला हात लावत नाही याची खात्री कशी द्यायची.

या बिघाडाचे पहिले लक्षण फसवे असते. केबल ओढल्यावर बहुतेक वेळा लगेच काहीच घडत नाही. ड्रायव्हरने परत केलेली मेमरी अ‍ॅलोकेटर दुसऱ्याच कोणाला तरी देतो, ड्रायव्हर जुन्या पॉइंटरने, म्हणजे जपून ठेवलेल्या पत्त्याने, तिच्यात काहीतरी लिहून जातो, आणि काही वेळाने नेटवर्कच्या किंवा फाइल सिस्टिमच्या निर्दोष कोडमध्ये कर्नल कोसळतो. लॉगमध्ये नाव त्या निर्दोष कोडचे येते. त्या ओळीवर पॉइंटर रिकामा आहे का एवढी तपासणी घालून पॅच पाठवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी पाहिलेल्या जुन्या ड्रायव्हरांत अशा तपासण्यांचे थरावर थर साचलेले असतात. त्यातली प्रत्येक तपासणी कोसळण्याची शक्यता थोडी कमी करते, आणि मूळ कारण मात्र आणखी खोल गाडते.

मूळ कारण समजण्यासाठी तीन वेगवेगळी आयुष्ये डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. पहिले आयुष्य प्रत्यक्ष उपकरणाचे. ते केबल ओढताक्षणी संपते. दुसरे आयुष्य उपकरण आणि ड्रायव्हर यांच्या जोडणीचे. ते उपकरण जोडल्यावर बोलावल्या जाणाऱ्या प्रोब या फंक्शनपासून सुरू होते आणि यूएसबी हबचे काम पाहणाऱ्या कर्नल थ्रेडने डिस्कनेक्ट हे फंक्शन बोलावून ते परत आले की संपते. तिसरे आयुष्य ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेल्या ऑब्जेक्टचे, ज्यात लॉक (इतरांना बाहेर थांबवणारे कुलूप) असते, बफर (आलेली माहिती ठेवण्याची जागा) असतो, प्रतीक्षा-रांग असते. हे तिसरे आयुष्य किती असावे, हे उपकरण ठरवत नाही आणि जोडणीही ठरवत नाही. ज्यांच्या हातात त्या ऑब्जेक्टचा पॉइंटर आहे, ते सर्व मिळून ठरवतात. नोंदीच्या प्रोग्रामने उपकरणाची फाइल (लिनक्समध्ये प्रोग्राम तिच्यामार्फतच उपकरणाशी बोलतो) उघडून ठेवलेली असेल, तर केबल ओढल्यानंतर तासाभराने तो ती बंद करेल, आणि तेव्हा कर्नल ड्रायव्हरचे रिलीज फंक्शन त्याच जुन्या पॉइंटरसह बोलावेल. प्रोबमध्ये मेमरी घ्यायची आणि डिस्कनेक्टमध्ये परत करायची, ही रचना कागदावर फार सममित दिसते, पण तिच्यात दुसरे आणि तिसरे आयुष्य एकच आहे असे गृहीत धरलेले असते.

येथे डेव्हरेसचा विषय निघणे अपरिहार्य आहे. कर्नलचे विकसक तेजुन हिओ यांनी २००७ साली, लिनक्स २.६.२१ मध्ये, ही सोय आणली: ड्रायव्हरने घेतलेली संसाधने जोडणी सुटताना कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने परत करतो. प्रोब अर्ध्यावर फसला तर काय काय परत करायचे, या प्रश्नावर पूर्वी असंख्य चुका होत असत, आणि त्या चुका या सोयीने खरोखर नाहीशा केल्या. परंतु डेव्हरेसने घेतलेली मेमरी जोडणीबरोबर जाते, उघड्या फाइलबरोबर नाही. लॉरां पिंशार यांनी २०२२ साली डब्लिनच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत याच मुद्द्यावर स्वतंत्र भाषण केले आणि या पद्धतीने मेमरी घेणे घातक का ठरते हे मांडले. पुढच्या वर्षी फोसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत बार्तोश गोलाशेव्स्की यांनी दोष डेव्हरेसवर टाकू नका असे उत्तर दिले. मला दोघांचेही म्हणणे एकाच जागी येऊन मिळते असे वाटते. डेव्हरेसमध्ये दोष नाही, पण ज्या ऑब्जेक्टचा पॉइंटर उघड्या फाइलमध्ये जाऊन बसणार आहे तो ऑब्जेक्ट डेव्हरेसच्या हाती देणे सर्वस्वी चूक आहे. रजिस्टरांचे मॅपिंग, क्लॉक, रेग्युलेटर ही उपकरणाची संसाधने आहेत आणि ती जोडणीबरोबरच गेली पाहिजेत. ड्रायव्हरचा मुख्य ऑब्जेक्ट मात्र त्यांच्या पंक्तीत बसत नाही.

त्या ऑब्जेक्टसाठी रेफरन्स मोजावे लागतात, म्हणजे त्याचा पॉइंटर किती जणांनी धरला आहे याचा आकडा ठेवावा लागतो. लिनक्समध्ये यासाठी केरेफ नावाची छोटीशी रचना २००४ पासून आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती लिहिली. तिचे नियम तीनच आहेत. पॉइंटरची टिकणारी प्रत दुसऱ्या कोणाला देण्याआधी मोजणी एकने वाढवावी. काम संपले की एकने कमी करावी, आणि शून्यावर आल्यास ऑब्जेक्ट परत करावा. हे दोन नियम कोणीही पाळतो. तिसरा नियम असा, की ज्याच्या हातात आधीपासून वैध रेफरन्स नाही, त्याला नवा रेफरन्स घ्यायचा असेल, तर तो घेत असताना शेवटचा रेफरन्स सोडला जाणार नाही अशी व्यवस्था बाहेरून करावी लागते. ऑब्जेक्टच्या आयुष्याच्या बहुसंख्य शर्यती (दोन कामे एकाच वेळी चालून कोण आधी पोहोचतो यावर निकाल ठरण्याचे प्रसंग) या तिसऱ्या नियमाकडे झालेल्या दुर्लक्षातून जन्मतात, असा माझा अनुभव आहे.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचे उदाहरण घ्यावे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिचे ते केंद्र. तेथील एखादे जीर्ण पुस्तक संग्रहातून कायमचे काढायचे आहे असे समजा. ते ज्यांच्या घरी वाचायला गेले आहे त्यांची नोंद आहे, त्यामुळे त्यांची वाट पाहता येते. प्रश्न येतो तो सूचीत पत्ता पाहून आताच कपाटाकडे निघालेल्या वाचकाचा. त्याने पुस्तक अजून घेतलेले नाही, म्हणून नोंदीत त्याचे नाव नाही. पण त्याच्याजवळ पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर काहीतरी असेल अशी त्याची अपेक्षा आहे. कपाटात जर दरम्यान दुसरे पुस्तक ठेवले, तर तो ते आपलेच समजून घेऊन जाईल. म्हणून आधी सूचीतले कार्ड काढायचे, मग कार्ड पाहून निघालेले सर्व वाचक कपाटापर्यंत पोहोचेस्तोवर थांबायचे, मग घरी नेलेल्या प्रती परत येण्याची वाट पाहायची, आणि शेवटी पुस्तक काढायचे.

ड्रायव्हरमध्ये हा कपाटाकडे निघालेला वाचक म्हणजे फाइल उघडणारा प्रोग्राम. तो मायनर क्रमांकावरून (उपकरणाच्या फाइलला कर्नलने दिलेल्या क्रमांकावरून) ऑब्जेक्ट शोधतो आणि त्याचा रेफरन्स घेतो. शोधणे आणि घेणे या दोन कृतींच्या मधल्या अंतरात दुसऱ्या सीपीयूवर डिस्कनेक्टने शेवटचा रेफरन्स सोडला, तर साधी मोजणी शून्यावरून एकवर जाते, म्हणजे परत केलेल्या मेमरीतला एक आकडा वाढतो आणि प्रोग्राम समाधानाने पुढे जातो. यूएसबीच्या गाभ्यात यासाठी मायनर क्रमांकांच्या सारणीवर एक वाचन-लेखन सेमाफोर (अनेक वाचकांना किंवा एकाच लेखकाला आत घेणारा लॉकचा प्रकार) आहे. ड्रायव्हरचे ओपन फंक्शन चालू असताना तो वाचनासाठी धरलेला असतो आणि मायनर क्रमांक रद्द करताना लेखनासाठी घेतला जातो. परिणामी क्रमांक रद्द करण्याचे काम परत आले, की अर्धवट राहिलेले ओपन एकही उरत नाही. ज्या ड्रायव्हरने ही तयार वाट सोडून स्वतःचे कॅरेक्टर डिव्हाइस नोंदवलेले असते, त्याला ही हमी आपोआप मिळत नाही, आणि तेथे मी सर्वांत आधी पाहतो. उपाय दोन आहेत. शोध आणि रेफरन्स घेणे एकाच लॉकखाली करावे, आणि सारणीतून नाव काढण्याचे कामही त्याच लॉकखाली करावे. किंवा मोजणी शून्य नसेल तरच वाढवणारे जे फंक्शन केरेफला २०१३ च्या लिनक्स ३.८ पासून मिळाले आहे ते वापरावे. दुसऱ्या उपायात एक अट लपलेली आहे. मोजणी शून्य आहे का हे पाहण्यासाठीसुद्धा ती मेमरी जिवंत असावी लागते, म्हणून आरसीयूच्या (आधी आत आलेले वाचक बाहेर पडेपर्यंत मेमरी परत न करण्याच्या पद्धतीच्या) संरक्षणाशिवाय किंवा लॉकशिवाय त्या फंक्शनचा काहीही उपयोग नाही. हे फंक्शन जणू स्वयंपूर्ण आहे अशा समजुतीने लावलेले मला अनेक ठिकाणी दिसले आहे.

लिनक्स ४.११ मध्ये, २०१७ साली, मोजणीसाठी स्वतंत्र प्रकार आला. तो शून्यावरून वाढवण्याचा प्रयत्न झाल्यास लॉगमध्ये इशारा देतो, आणि मोजणी मर्यादेपलीकडे गेल्यास तिला एका टोकाच्या किमतीवर गोठवून ठेवतो, म्हणजे मेमरी गळते पण दुसऱ्याच्या हाती पडत नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये साध्या अ‍ॅटॉमिक चलाने केलेली मोजणी आढळली, तर मी इतर काहीही करण्याआधी ती या प्रकारात बदलतो. निम्मे निदान त्या इशाऱ्यातूनच होते.

वडोदऱ्याच्या कलाभवन या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतून शिकून आलेली एक तरुण सहकारी मध्यंतरी एक अहवाल घेऊन आली आणि म्हणाली, “सर, रेफरन्स तर बरोबर घेतलाय, मग रीडमध्ये क्रॅश का होतो?” प्रश्न अगदी योग्य होता. रेफरन्स फक्त एवढेच सांगतो, की ही मेमरी अजून तुमची आहे. उपकरण जागेवर आहे की नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही. डिस्कनेक्ट परत आल्यानंतर त्या इंटरफेसकडे विनंती पाठवण्याचा अधिकार ड्रायव्हरला राहत नाही, आणि ऑब्जेक्ट मात्र उघड्या फाइलमुळे जिवंत असतो. म्हणून ऑब्जेक्टमध्ये उपकरण गेले आहे अशी खूण लागते, आणि ती खूण पाहणे व उपकरणाशी बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच म्यूटेक्सखाली (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकखाली) व्हाव्या लागतात. खूण पाहिली, लॉक सोडले आणि मग विनंती पाठवली, तर मधल्या फटीत डिस्कनेक्ट पूर्ण होऊ शकते. खूण लॉकशिवाय पाहिली, तर ती पाहिली काय आणि न पाहिली काय, सारखेच. कर्नलबरोबर येणारा यूएसबीचा नमुना ड्रायव्हर हेच करतो: केरेफ, एक म्यूटेक्स आणि एक खूण. नवशिक्यांनी तो ओळीने वाचावा असे मी नेहमी सांगतो.

अडचण येते ती दीर्घ प्रतीक्षेत. नवे मोजमाप येईपर्यंत रीड झोपून राहते. ते म्यूटेक्स धरून झोपले, तर डिस्कनेक्ट त्याच म्यूटेक्ससाठी ताटकळते, आणि त्याबरोबर हबचे सगळे काम थांबून शेजारच्या पोर्टवरचा कीबोर्डही ओळखला जात नाही. म्हणून प्रतीक्षा लॉकबाहेर करावी, जागे होण्याच्या अटीत उपकरण गेल्याची खूण समाविष्ट करावी, डिस्कनेक्टने खूण लावल्यावर प्रतीक्षा-रांगेतील सर्वांना उठवावे, आणि उठलेल्याने लॉक पुन्हा घेऊन खूण पुन्हा पाहावी. पोलला, म्हणजे माहिती आली का याची वाट पाहण्याच्या दुसऱ्या मार्गाला, विसरता कामा नये. पोलमध्ये थांबलेल्या प्रोग्रामला उठवून फाइल तुटल्याचे कळवले नाही, तर तो कायमचा वाट पाहत बसतो, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने तोही बिघाडच असतो.

जेथे अनेक थ्रेड एकाच वेळी आत येतात आणि एका म्यूटेक्सने सगळे एकापाठोपाठ एक होऊन जातील, तेथे एसआरसीयू, म्हणजे आत झोपू देणारा आरसीयूचा प्रकार, उपयोगी पडते. आत येणारा प्रत्येक जण स्वस्तात आपली उपस्थिती नोंदवतो, आत झोपूही शकतो. काढणारा खूण बदलतो आणि खूण बदलण्याआधी आत आलेले सर्व बाहेर पडेपर्यंत थांबतो. ग्राफिक्सच्या डीआरएम उपप्रणालीत उपकरणाला हात लावण्याआधी प्रवेश घेण्याची आणि नंतर निघण्याची जी जोडी आहे ती आतून हीच आहे, आणि जीपीआयओ (चिपच्या सर्वसाधारण पिनांच्या) उपप्रणालीतही २०२४ च्या लिनक्स ६.९ पासून हेच तंत्र आले. जीपीआयओची रचना मला विशेष पटते, कारण तेथे ड्रायव्हरने दिलेली चिप आणि गाभ्याने स्वतःकडे ठेवलेला मोजणीयुक्त ऑब्जेक्ट हे दोन वेगळे आहेत. उघडी फाइल दुसऱ्याला धरते. पहिल्याकडे जाणारा पॉइंटर चिप निघून जाताना रिकामा केला जातो. प्रत्येक उपप्रणालीच्या गाभ्याने ही जबाबदारी उचलली असती, तर शेकडो ड्रायव्हर लेखकांना ती वेगवेगळ्या प्रकारे चुकवावी लागली नसती.

आतापर्यंत जे आले ते वापरकर्त्याच्या बाजूने येणारे. ज्यांना कोणी बोलावत नाही आणि तरीही येतात, त्यांची बाब अधिक कठीण आहे: टायमर, वर्कक्यूवरची (नंतर करण्यासाठी रांगेत ठेवलेली) कामे, पूर्ण होऊन परतणाऱ्या यूआरबी (यूएसबी उपकरणाला पाठवलेल्या विनंत्या) आणि इंटरप्ट (उपकरणाने सीपीयूला दिलेला इशारा). आमच्या लॉगरच्या ड्रायव्हरमध्ये ठरावीक काळाने टायमर वाजत असे, तो एक काम रांगेत टाकत असे, ते काम यूआरबी पाठवत असे आणि यूआरबी पूर्ण झाली की टायमर पुन्हा लावला जात असे. असे वर्तुळ कोठे तोडायचे? टायमर थांबवला, तर रांगेतले काम यूआरबी पाठवते आणि तिच्यामागून टायमर पुन्हा लागतो. काम रद्द केले, तर त्याच क्षणी वाजलेला टायमर ते पुन्हा रांगेत टाकतो. कोणत्याही क्रमाने थांबवले तरी वर्तुळातील उरलेला घटक थांबवलेल्याला पुन्हा जागे करतो. थांबवण्याची क्रिया दोनदा लिहिलेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्याने फक्त शर्यतीची खिडकी अरुंद होते.

या वर्तुळाला पाहिजे ती पुन्हा सुरू न होण्याची हमी. लिनक्स ६.२ मध्ये, २०२३ साली, टायमर कायमचा बंद करणारे फंक्शन आले, ज्यानंतर टायमर लावण्याचा प्रयत्न मुकाट्याने निष्फळ ठरतो. यूआरबीच्या बाबतीत असाच भेद फार आधीपासून आहे: तिला मारणारे फंक्शन ती पूर्ण होईपर्यंत थांबते, पण ते परत आल्यावर ती पुन्हा पाठवता येते, तिला विष देणारे फंक्शन मात्र पुढचे प्रत्येक पाठवणे नाकारते. त्यामुळे आमच्या ड्रायव्हरमध्ये डिस्कनेक्टचा क्रम असा झाला, की आधी मायनर क्रमांक रद्द, मग लॉकखाली खूण आणि सर्वांना उठवणे, मग टायमर कायमचा बंद, मग यूआरबीला विष, मग काम रद्द, आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हरचा स्वतःचा रेफरन्स सोडणे. टायमर आणि यूआरबी दोघेही नवे काही स्वीकारत नाहीत, म्हणून शेवटी उरलेले काम रद्द झाले की वर्तुळात कोणीच राहत नाही. काम मध्येच चालू असले, तरी त्याने पाठवलेली यूआरबी नाकारली जाते. ती नाकारली गेल्यावर कामाने निमूटपणे परतावे, पुन्हा प्रयत्न करत बसू नये, एवढे मात्र पाहावे लागते.

इंटरप्टचे वेगळे आहे, आणि ते यूएसबीपेक्षा पीसीआय किंवा चिपवरच्या उपकरणांत जाणवते. डेव्हरेसने घेतलेला इंटरप्ट ड्रायव्हरचे रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सोडला जातो. रिमूव्हमध्ये एखादा बफर हाताने परत केला असेल, तर तेव्हापासून इंटरप्ट सुटेपर्यंतच्या काळात आलेला इंटरप्ट त्या परत केलेल्या बफरमध्ये लिहितो. काही हाताने आणि काही डेव्हरेसने अशी सरमिसळ असलेला ड्रायव्हर दिसला, की संशय घ्यायला हरकत नाही. सामायिक इंटरप्टसाठी कर्नलमध्ये एक तपासणी-पर्याय आहे, जो इंटरप्ट सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देऊन हँडलर तो पेलतो का हे पाहतो. तो पर्याय चाचणीच्या कर्नलमध्ये चालू ठेवावा.

थांबण्याची प्रत्येक क्रिया अडकण्याची शक्यताही बरोबर आणते. जे म्यूटेक्स कामाला लागते ते धरून त्याच कामाच्या समाप्तीची वाट पाहिली, तर दोघेही एकमेकांसाठी थांबतात. याहून सूक्ष्म प्रकार असा, की कामाने ऑब्जेक्टचा रेफरन्स धरलेला असतो, तोच शेवटचा ठरतो, आणि ऑब्जेक्ट परत करणारे फंक्शन त्याच कामाच्या रद्द होण्याची वाट पाहू लागते. म्हणजे काम स्वतःच्याच समाप्तीची वाट पाहते. म्हणून ऑब्जेक्ट परत करणाऱ्या फंक्शनमध्ये कोणाचीही वाट पाहू नये, तेथे फक्त मेमरी आणि धरलेले इतर रेफरन्स सोडावेत, असा नियम मी कटाक्षाने पाळतो. वाट पाहण्याची जागा डिस्कनेक्टमध्ये. लॉकडेप, म्हणजे लॉकांचा क्रम तपासणारी कर्नलची सोय, चालू असेल, तर पहिला प्रकार प्रत्यक्ष अडकण्याआधीच लॉगमध्ये दिसतो.

या चुका पकडणे फार कठीण आहे असा समज आहे, तो निम्माच खरा आहे. त्यांतील मोठा भाग पकडायला शर्यत घडवावीच लागत नाही. फाइल उघडावी, सिसएफएसमधल्या (उपकरणे आणि ड्रायव्हर फाइलरूपाने दाखवणाऱ्या कर्नलच्या व्यवस्थेतल्या) अनबाइंड या फाइलमध्ये उपकरणाचे नाव लिहून ड्रायव्हर सोडवावा, मग रीड करावे, मग फाइल बंद करावी. केसॅन (मेमरीला अवैध हात लागला की पकडणारा कर्नलमधला तपासनीस) चालू असलेल्या कर्नलवर एवढ्याने प्रोबमध्ये मेमरी घेऊन डिस्कनेक्टमध्ये सोडणारा प्रत्येक ड्रायव्हर उघडा पडतो. केसॅन २०१५ च्या लिनक्स ४.० पासून आहे. त्याच्या अहवालात मेमरीला अवैध हात कोठे लागला, ती कोठे घेतली होती आणि कोठे परत केली होती, या तिन्हींच्या फंक्शन-साखळ्या मिळतात. परत केलेली मेमरी तो लगेच दुसऱ्याला न देता काही काळ वेगळी ठेवतो, त्यामुळे दोष निर्दोष कोडच्या माथी जात नाही. कोबजेक्टचे (कर्नलच्या मोजणीयुक्त मूळ ऑब्जेक्टचे) रिलीज मुद्दाम उशिरा करणारा पर्यायही चालू करावा, कारण शेवटचा रेफरन्स आपणच सोडला आणि त्या ओळीवरच ऑब्जेक्ट गेला, हे गृहीतक तो ताबडतोब खोटे पाडतो. खऱ्या शर्यतींसाठी मी संशयित दोन ओळींच्या मध्ये तात्पुरता विलंब घालतो. कोसळणे हमखास होऊ लागले, की निदान पक्के; आणि दुरुस्तीनंतर तोच विलंब ठेवूनही काही झाले नाही, तरच दुरुस्ती पक्की. केबल शंभरदा ओढून पाहिली आणि कोसळला नाही, या पुराव्याला या कामात किंमत नाही. उपकरण हाताशी नसेल, तर संगणकातल्या संगणकात खोटा यूएसबी होस्ट आणि खोटे उपकरण उभे करता येते; सिझबॉट हा स्वयंचलित चाचणीचा प्रोग्राम २०१७ पासून कर्नलवर असेच अखंड हल्ले करत आहे आणि यूएसबी ड्रायव्हरांतील अशा कितीतरी चुका त्यातूनच उजेडात आल्या.

हा प्रश्न फक्त लिनक्सचा नाही. विंडोजच्या ड्रायव्हरांत यासाठी रिमूव्ह लॉक आहे. प्रत्येक विनंती ते घेते, आणि उपकरण काढण्याची सूचना आल्यावर ड्रायव्हर ते सोडून उरलेल्यांची वाट पाहतो. फ्रीबीएसडीमध्ये डिव्हाइस नष्ट करणारे फंक्शन ड्रायव्हरच्या आत असलेले थ्रेड बाहेर पडेपर्यंत परतत नाही. लिनक्समधील रस्ट या भाषेच्या बाजूला २०२५ च्या ६.१४ पासून रद्द करता येणारे संसाधन हा प्रकारच भाषेच्या पातळीवर आला आहे: उपकरणाच्या रजिस्टरांपर्यंत पोहोचण्याआधी ती अजून उपलब्ध आहेत का हे विचारावेच लागते, विचारल्याशिवाय कोड संकलितच होत नाही. सी भाषेत जो नियम टिपणीत लिहून पुढच्या माणसाच्या सद्बुद्धीवर सोडावा लागतो, तो तेथे संकलक पाळून घेतो, आणि मला ही फार मोठी प्रगती वाटते.

एक वाट अनेकदा नजरेतून सुटते, ती मॅपिंगची. प्रोग्रामने ड्रायव्हरचा बफर आपल्या पत्ता-क्षेत्रात मॅप केला आणि नंतर फाइल बंद केली, तरी मॅपिंग फाइलचा रेफरन्स धरून असते, म्हणून मॅपिंग सुटेपर्यंत ड्रायव्हरचे रिलीज येतच नाही. ऑब्जेक्ट त्यामुळे जिवंत राहतो. पण बफर जर डिस्कनेक्टमध्ये परत केला, आणि तो पानांची मोजणी न वाढवणाऱ्या पद्धतीने मॅप केलेला असेल, तर ती पाने कर्नल दुसऱ्याला देतो आणि आपला प्रोग्राम ती वाचत व लिहीत राहतो. यात कर्नल कोसळतही नाही. एका प्रोग्रामला दुसऱ्याची मेमरी निमूटपणे दिसत राहते, जे कोसळण्याहून वाईट आहे. थर्मोकपलांची मोजमापे सेकंदाला फार थोडी असतात, म्हणून आमच्या ड्रायव्हरमध्ये यूआरबीचा बफर वेगळा ठेवून आलेली मोजमापे साध्या पानांत उतरवून घेतली जातात, मॅपिंग फक्त त्या पानांचे होते, प्रत्येक पानाची मोजणी मॅप करताना वाढते, आणि ऑब्जेक्टच्या वतीने ती पाने ऑब्जेक्टबरोबरच परत केली जातात. वेगवान कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरला ही नक्कल परवडणार नाही. तेथे प्रत्येक बफरची मोजणी मॅपिंगगणिक स्वतंत्र ठेवावी लागते, आणि प्रक्रियेची फोर्क (दुसरी प्रत) झाल्यावर मॅपिंगची प्रत निघताना येणाऱ्या ओपन फंक्शनमध्ये ती वाढवावी लागते. जुना ड्रायव्हर हाती आला, तर हे फंक्शन मुळात लिहिलेले आहे का, हे पाहून घ्यावे.